बॉक्सिंगच्या पंडितांनो, काळजाची सर्टिफिकेटं जरा जपून वाटा

नमस्कार मंडळी,

रिंगच्या शेजारी हेडफोन लावून कॉमेंट्री करणारे, दर दोन-चार महिन्यांनी ऑल टाइम टॉप टेन हेवीवेटची नवी यादी काढणारे आणि हॉल ऑफ फेमसाठी मत देणारे, तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहितोय कारण तक्रार एकच आहे. कोणाला काळीज आहे आणि कोण पळपुटा याची सर्टिफिकेटं तुम्ही वाटता, ती एकदा वाटली की त्या माणसाच्या नावाला जन्मभर चिकटतात, आणि वाटताना तुम्ही बहुतेक वेळा बघता काय तर फाइटचं शेवटचं एक मिनिट. त्याआधी अर्धा तास त्या माणसाने रिंगमधे काय काम केलं याचा हिशोब कोणी मांडतच नाही.

हवेत बोलत नाही, व्हिताली क्लिच्कोपासून सुरू करतो.

१ एप्रिल २०००, बर्लिन. व्हितालीच्या तोपर्यंत २७ फाइट्स, २७ च्या २७ नॉकआउट. समोर ख्रिस बर्ड, जो मुळात बदली म्हणून आलेला. नऊ राउंड झाले, तिन्ही जजेसच्या कार्डावर व्हिताली आरामात पुढे, उरलेल्या तीन राउंडमधे नुसता पळत राहिला असता तरी जिंकला असता. पण दोन राउंडच्या मधे कोपऱ्यात बसायचं जे स्टूल असतं त्यावरून तो उठलाच नाही. डाव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू, फाटला होता. दुसऱ्या दिवसापासून काय काय ऐकलं त्याने! काळीज नाही, मोठा देह आणि आत पोकळ, खरा चॅम्पियन एका हाताने लढला असता वगैरे. अमेरिकेत तर त्याचं नाव घेतलं की आधी तो खांदाच निघायचा.

आता २१ जून २००३, लॉस एंजेलिस. तोच माणूस, समोर लेनॉक्स लुइस. या वेळी बदली म्हणून व्हिताली आलेला, जेमतेम दोन आठवड्यांच्या नोटिशीवर. तिसऱ्या राउंडला लुइसच्या उजव्याने डाव्या डोळ्याच्या वरची कातडी उघडली, आणि पुढचे तीन राउंड तो चेहरा बघवत नव्हता. सहाव्या राउंडनंतर डॉक्टरने फाइट थांबवली, तेव्हा व्हिताली तिन्ही कार्डांवर ५८-५६ ने पुढे होता आणि थांबवू नका म्हणून ओरडत होता. पब्लिकने जिंकलेल्या लुइसला हूट केलं आणि हरलेल्याला डोक्यावर घेतलं. त्या रात्रीपासून व्हिताली म्हणजे वाघाचं काळीज, आणि बर्लिनचा खांदा कोणाच्या तोंडी नाही.

मला सांगा, तीन वर्षांत त्याच्या आत काय बदललं? माझ्या मते काहीच नाही. फरक एवढाच की फाटलेला खांदा कॅमेऱ्याला दिसत नाही आणि फाटलेली भुवई दिसते. दोन्ही वेळा तो फाइट जिंकत होता, दोन्ही वेळा दुखापतीने घात केला, एकदा निर्णय त्याने स्वतः घेतला आणि एकदा डॉक्टरने, बस. रक्त दिसलं की जिगर आणि नाही दिसलं की शेपूट घातली, हा तुमचा मापदंड आहे, कितीही नाकारा.

सनी लिस्टनचं तर याहून वाईट झालं. १९६४ च्या फेब्रुवारीत मायामी बीचला तरुण कॅसियस क्लेपुढे (म्हणजे नंतरचा मोहम्मद अली) सहा राउंडनंतर तो स्टूलवर बसून राहिला, खांदा गेला म्हणाला, डॉक्टरांनी दुखापत खरी असल्याचं सांगितलं, पण ऐकतंय कोण. वर्षभराने लुइस्टनमधे त्याच्याशीच पुन्हा लढताना पहिल्याच राउंडला तो आडवा झाला त्याबद्दल मी त्याची वकिली करणार नाही, तो ठोसा कितीही वेळा रिवाइंड करून बघितला तरी माझं समाधान होत नाही. पण मग १९५४ चं काय? मार्टी मार्शल नावाच्या बॉक्सरने फाइटमधे लिस्टनचा जबडा मोडला होता, आणि हा गडी मोडक्या जबड्याने आठही राउंड उभा राहिला, पॉइंट्सवर हरला, तोसुद्धा स्प्लिट निर्णयाने, म्हणजे तिन्ही जजेसचं एकमत न होता. १९७३ मधे सॅन डिएगोला केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि अली १२ राउंड पूर्ण लढून हरला, तेव्हा आपण सगळे त्या रात्रीचे पोवाडे गातो, गायलाच पाहिजेत. लिस्टनच्या जबड्याचा पोवाडा कोणी ऐकलाय का? नाही, कारण यादी करणाऱ्याच्या डोक्यात लिस्टन म्हटलं की स्टूलच येतं.

आता वर्क रेटकडे, म्हणजे दर राउंडला बॉक्सर किती काम करतो त्याकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

हेवीवेटमधे जास्त ठोसे मारणं ही किती अवघड गोष्ट आहे हे लाइटवेट बघायची सवय असलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. कॉम्प्युबॉक्सवाले जे ठोसे मोजतात त्यात हेवीवेटचा सरासरी आकडा राउंडला ४५ च्या आसपास असतो. शंभर-सव्वाशे किलोचा देह, एवढ्या सगळ्या स्नायूंना ऑक्सिजन पुरवायचा, त्यात समोरचा तेवढ्याच वजनाचा माणूस क्लिंचमधे (मिठी मारून) तुमच्या मानेवर अंग टाकून लटकतोय, आणि वर प्रत्येक हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो कारण हात थांबवायला समोर काही नसतं, तो स्वतःच ओढून परत आणावा लागतो. पाचव्या-सहाव्या राउंडपर्यंत खांदे शिशाचे होतात, तोंड उघडं पडतं, हात छातीपर्यंत खाली येतात. तिथून पुढे दर राउंडला तेवढंच काम करत राहणं याला काळीज लागतं असं माझं मत आहे, आणि ते रोज सकाळी धावण्यात, स्पारिंगच्या (सरावाच्या लढतीच्या) शेवटच्या राउंडमधे, पोट खाली आणण्यात तयार होतं. पण हे काळीज टीव्हीवर भारी दिसत नाही म्हणून त्याला तुम्ही "चांगला फिटनेस" म्हणून बाजूला ठेवता.

आता तुम्ही म्हणाल की मग नुसते ठोसे मोजून ग्रेटनेस ठरवायचा का. अजिबात नाही, तो उलटा वेडेपणा झाला. ऑगस्ट २०१९ मधे ब्रुकलिनला अ‍ॅडम कोव्नाकी आणि ख्रिस अरेओला यांनी १२ राउंडमधे मिळून २,१७२ ठोसे फेकले, हेवीवेटचा कॉम्प्युबॉक्स रेकॉर्ड झाला, अरेओलाने ११२५ आणि कोव्नाकीने १०४७. मस्त फाइट, मी मजेत बघितली. पण म्हणून दोघांपैकी कोणाला कोणी ग्रेट म्हटलं नाही आणि म्हणूही नये, कारण दोघांनी घेतलेला मारही तसाच होता आणि सात महिन्यांनी रॉबर्ट हेलेनियसने कोव्नाकीला चौथ्याच राउंडला थांबवलं. त्याआधीचा रेकॉर्ड १९९७ चा, सॅक्रामेंटोत आयके इबेआबुची आणि डेव्हिड टुआ, मिळून १७३० ठोसे, त्यात एकट्या इबेआबुचीचे ९७५, म्हणजे राउंडला ८० च्या वर, आणि समोर टुआसारखा लेफ्ट हुकवाला (डाव्या हाताने बाजूने वळवून मारायचा ठोसा). ती फाइट अजूनही जाणकार लोक एकमेकांना आवर्जून बघायला सांगतात. इबेआबुची नंतर तुरुंगात गेला, ऐन भरातलं करिअर तिथेच थांबलं, त्यामुळे त्याचं नाव "झाला असता तर" या खात्यात राहिलं. टुआची गंमत वेगळी, त्याच टुआने तीन वर्षांनी लुइसच्या जॅबसमोर (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) १२ राउंड जवळपास काही केलंच नाही आणि बहुतेकांना आज आठवतो तो हा टुआ.

तर आकडा एकटा काही सांगत नाही. तो आकडा कोणत्या राउंडला, कोणासमोर आणि कोणत्या अवस्थेत टिकला ते बघावं लागतं. आणि त्यासाठी जो फ्रेझर सोडून दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

फ्रेझर पाच फूट साडेअकरा इंच, हेवीवेटमधे बुटकाच, हात आखूड, डावा हात लहानपणीच्या दुखापतीमुळे पूर्ण सरळही व्हायचा नाही असं तो स्वतः सांगायचा. अशा माणसाला लांब हातांच्या माणसापर्यंत पोचायचं तर दर वेळी ठोशांच्या पावसातून आत जावं लागतं. तो शिलाई मशीनच्या सुईसारखा वरखाली, वरखाली करत आत शिरायचा, तीन मिनिटं, १५ राउंड. ते वाकणं-उठणं म्हणजे मांड्यांचं काम आहे हो, ठोशांच्या मोजणीत ते येतच नाही. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे अलीविरुद्ध पहिल्या राउंडला तो जसा आत येत होता तसाच १५ व्या राउंडला येत होता, आणि त्या १५ व्या राउंडला त्याचा लेफ्ट हुक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. तो फोटो सगळ्यांना माहितीये. माझं म्हणणं असं की तो हुक नशिबाने लागला नाही, आधीच्या १४ राउंडच्या कामाने अलीचे पाय जड केले होते म्हणून लागला. (आणि अली लगेच उठला, जबडा सुजलेला असताना, तेही लिहून ठेवा. त्या रात्री दोन्ही कॉर्नरमधे काळीज होतं.)

याच फ्रेझरला १९७३ मधे किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने दोन राउंडमधे सहा वेळा पाडलं. सहा वेळा! आणि सहाही वेळा तो उठला. पण फ्रेझरचं काळीज म्हटलं की किंग्स्टन कोणाला आठवत नाही, मनिला आठवतं, म्हणजे १९७५ ची अलीविरुद्धची तिसरी फाइट. मला वाटतं इथे लोकांचं बरोबर आहे. मार खाऊन उठणं ही एक गोष्ट आणि मार खाताना आपलं काम चालू ठेवणं ही दुसरी. किंग्स्टनमधे फ्रेझरला काही करताच आलं नाही, मनिलात त्याने मधल्या राउंडमधे अलीला अक्षरशः तोडला होता. लोकांना हा फरक आतून कळतो, पण लिहायची वेळ आली की तुम्ही दोन्हीला एकच शिक्का मारता.

मार्सियानोचंही तेच. ४९-०, म्हणजे ४९ फाइट्स आणि एकही हार नाही, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, त्यावर भांडणंही खूप आहेत, समोरचे म्हातारे झाले होते वगैरे, त्यात थोडं तथ्यही आहे. पण २३ सप्टेंबर १९५२ बघा. फिलाडेल्फिया, समोर चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच राउंडला मार्सियानो खाली, करिअरमधे पहिल्यांदा. स्वतःचं वजन १८४ पाउंड, आजच्या नियमाने हेवीवेटमधे बसणारही नाही. १२ राउंड संपले तेव्हा तिन्ही कार्डांवर मागे. आणि १३ व्या राउंडला दोरापाशी एक आखूड उजवा, वॉलकॉट एक हात दोरात अडकून हळूहळू खाली घसरला. सगळे त्या ठोशाबद्दल लिहितात. पण १३ व्या राउंडला तो ठोसा तसा मारायची ताकद शिल्लक होती हा खरा मुद्दा आहे, आणि ती आली कुठून तर मार्सियानो बाकीच्यांपेक्षा दुप्पट सराव करायचा यातून. वॉलकॉट चांगला बॉक्सर होता, कदाचित त्या रात्री जास्त चांगला होता, पण मागचे १२ राउंड त्याला एक मिनिटसुद्धा निवांत मिळाला नव्हता.

लॅरी होम्सला तर तुम्ही या बाबतीत सरळ लुबाडलंय. त्याची ख्याती काय, तर जॅब भारी आणि स्वभाव तुसडा. ९ जून १९७८ ला लास वेगासमधे नॉर्टनविरुद्ध तो डाव्या हाताला ट्रेनिंगमधे दुखापत झालेली असताना उतरला, म्हणजे ज्या जॅबवर त्याचा सगळा खेळ तोच हात. १५ वा राउंड एकदा शांतपणे बघा. दोघांचे पाय संपलेत, तरी शेवटच्या मिनिटात दोघं थांबत नाहीयेत, एक मारतो की दुसरा मारतो, पुन्हा पहिला. निकाल १४३-१४२, १४३-१४२ होम्सकडे आणि १४३-१४२ नॉर्टनकडे. त्या एका राउंडवर टायटल फिरलं. पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्सने सातव्या राउंडला त्याला असा पाडला की दुसरा कोणी असता तर तिथेच रात्र संपली असती, होम्स उठला आणि ११ व्याला त्यानेच फाइट संपवली. इतकं असून काळजाच्या याद्यांमधे होम्स तळाला, कारण तो अलीनंतर आला आणि थकलेल्या अलीला त्याने मारलं, हे लोकांनी त्याला माफ केलं नाही. बॉक्सिंगचा आणि याचा काय संबंध? पण ख्याती अशीच बनते.

व्हिताली झाला, आता त्याचा धाकटा भाऊ. व्लादिमीर क्लिच्को साडेनऊ वर्षं सलग चॅम्पियन होता, आणि त्या काळात त्याला मनापासून मानणारे तुमच्यात किती होते? जॅब, जॅब, मिठी, पुन्हा जॅब. मलाही कंटाळा यायचा, पोव्हेत्किनसोबतची २०१३ ची फाइट मी अर्धी तरी फॉरवर्ड केली असेल. त्याच्या डोक्यात रॉस प्युरिटी आणि लॅमन ब्रूस्टर बसले होते, दोन्ही फाइट्समधे तो मार खाऊन कमी आणि दमून जास्त हरला होता, म्हणून त्याने दमसास वाचवायचा खेळ शोधला आणि त्यात तो जवळपास अजिंक्य झाला. त्याची किंमत २०१५ ला फ्युरीसमोर दिसली, १२ राउंडमधे फक्त २३१ ठोसे, म्हणजे राउंडला २० सुद्धा नाहीत, हरतोय हे दिसत असताना हात सुटत नव्हते. आणि मग २९ एप्रिल २०१७, वेम्बली, ९०,००० लोक, वय ४१. अँथनी जोशुआने पाचव्याला पाडला, याने सहाव्याला जोशुआला पाडला, ११ व्याला संपला. हरला, आणि जेवढा मान साडेनऊ वर्षं जिंकून मिळाला नव्हता तेवढा त्या एका हरण्यात मिळाला. मी याबद्दल तक्रार करत नाही, त्या रात्री तो खरंच वेगळा लढला, अंगावर धोका घेऊन लढला. पण तुम्ही जेव्हा म्हणता की "आज कळलं त्याला काळीज आहे", तेव्हा २००५ ची सॅम्युएल पीटरची फाइट विसरता. तीन वेळा खाली जाऊन उठला होता तिथे आणि शेवटी पॉइंट्सवर जिंकला होता. ब्रूस्टरनंतर वर्षा-दीडवर्षात! ते काळीज नव्हतं तर काय होतं?

यातून मला जे दिसतं ते हे की काळीज ही माणसाची कायमची मालमत्ता नसते. बस्टर डग्लसकडे बघा ना. १९८७ मधे टोनी टकरविरुद्ध चांगला लढत होता आणि दहाव्या राउंडला विरघळला, सगळे म्हणाले मनाने कच्चा आहे. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत तोच डग्लस, आई जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, सट्ट्यात त्याच्यावर ४२ ला १ असा भाव, समोर न हरलेला टायसन. पूर्ण फाइटभर जॅब आणि त्यामागे उजवा, थांबलाच नाही, आठव्याला टायसनच्या अपरकटने पडला, उठला, दहाव्याला टायसनला संपवला. आणि आठ-साडेआठ महिन्यांनी २४६ पाउंडांचं वजन घेऊन होलीफिल्डसमोर आला आणि तिसऱ्या राउंडला झोपला. एकच माणूस, तीन काळजं. यात बदलत काय गेलं तर तयारी. टोकियोला तो मेहनत करून आला होता म्हणून पडल्यावर उठायला अंगात काही होतं. अँडी रुइझचंही तेच, जून २०१९ ला न्यूयॉर्कमधे तिसऱ्या राउंडला पडून उठला आणि जोशुआला चार वेळा पाडून हिरो झाला, डिसेंबरमधे २८३ पाउंडांचा होऊन आला आणि १२ राउंड नुसता जोशुआच्या मागे चालत राहिला.

(त्याच टोकियोच्या फाइटमधे दहाव्या राउंडला टायसन गुडघ्यांवर रांगत माउथपीस शोधतोय, मिळाल्यावर एक टोक दातात धरून उठायला बघतोय. टायसनला मार पडला की तो मोडतो असं म्हणणाऱ्यांनी तेवढी दहा सेकंदं परत बघावीत. शुद्ध नाही, तरी काम सोडलं नाही.)

आणि डॅनिएल डुबोआ. याच्या बाबतीत तुम्ही जे केलं ते मला अजून पचत नाही. २८ नोव्हेंबर २०२०, लंडन, जो जॉइसचे जॅब खाऊन डावा डोळा पूर्ण मिटलेला, दहाव्या राउंडला आणखी एक जॅब बसला आणि पोरगा गुडघ्यावर बसला, रेफ्रीने दहा मोजले. तो अजून प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढत श्वास घेत असेल तोवर स्टुडिओत आणि सोशल मीडियावर "क्विट केलं" सुरू झालं, माजी बॉक्सरसुद्धा त्यात होते. नंतर कळलं की डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. पण "सॉरी बाबा" म्हणणारे किती निघाले? २०२२ ला केव्हिन लेरेनासमोर पहिल्याच राउंडला गुडघा दुखावला, तीन वेळा खाली गेला, आणि तिसऱ्या राउंडला जिंकला, तरी शिक्का कायम. २०२३ ला पोलंडमधे उसिकसमोर नवव्याला हरला तेव्हा पुन्हा तोच सूर. शेवटी मिलर, हर्गोविच आणि सप्टेंबर २०२४ मधे वेम्बलीला जोशुआ, एवढ्या तिघांना ओळीने थांबवलं तेव्हा तुम्ही म्हणालात की पोरगा बदलला. कदाचित बदलला असेल, अनुभव येतो, वय वाढतं. पण मोडक्या खोबणीने दहावा राउंड पूर्ण न करणं हा गुन्हा होता का याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

कॉर्नरबद्दल, म्हणजे बॉक्सरच्या ट्रेनर-मंडळींबद्दल, तर तुम्ही बोलतच नाही. १९६४ च्या त्याच मायामीच्या फाइटमधे चौथ्या राउंडनंतर क्लेच्या डोळ्यांत काहीतरी जळजळीत गेलं, दिसेना, आणि तो ग्लोव्हज कापा म्हणून ओरडत होता. त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने डोळे धुतले आणि त्याला ढकलून रिंगमधे पाठवलं. त्या क्षणी डंडीच्या जागी दुसरा कोणी मऊ माणूस असता तर स्टूलवर बसून राहिलेला माणूस लिस्टन नसता, क्ले असता, आणि तुमच्या याद्यांचा पहिला नंबर कोण असता देव जाणे. उलट बाजूने १ ऑक्टोबर १९७५, मनिला, १४ राउंड झालेले, फ्रेझरला समोरचं दिसत नाहीये, तो उठायला बघतोय आणि त्याचा ट्रेनर एडी फच त्याला बसवून ठेवतो, फाइट संपवतो. फ्रेझर त्यावर वर्षानुवर्षं चिडलेला होता. फच बरोबर होता. ट्रेनर मार्क ब्रीलँडने २०२० मधे वाइल्डरसाठी टॉवेल टाकला (म्हणजे फाइट थांबवायला सांगितली), तोही बरोबर होता, बदल्यात त्याला नोकरीवरून काढलं गेलं.

कारण याची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. २ नोव्हेंबर २०१३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मॅगोमेड अब्दुसलामोव्ह विरुद्ध माइक पेरेझ. अब्दुसलामोव्हच्या तोपर्यंत १८ फाइट्स, सगळ्या नॉकआउट. पहिल्याच राउंडला त्याच्या चेहऱ्याचं हाड मोडलं, चेहरा फुगत गेला, आणि तो दहाच्या दहा राउंड लढला. टीव्हीवर दोघांच्या जिगरीचं केवढं कौतुक झालं, काय फाइट, काय योद्धे. फाइटनंतर लघवीत रक्त आलं, हॉस्पिटलला जा म्हणून सांगितलं गेलं, आणि त्याची माणसं त्याला टॅक्सी पकडून घेऊन गेली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. ऑपरेशन, कोमा, स्ट्रोक. तो जगला, पण पुन्हा आपल्या पायावर उभा राहिला नाही. २०१७ मधे न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन केस मिटवली. त्या रात्री तो पाचव्या राउंडनंतर स्टूलवर बसून राहिला असता तर? तुम्हीच त्याला पळपुटा म्हटलं असतं, न हरता खेळत आला आणि पहिली अवघड फाइट आल्यावर सोडून दिली म्हणून. तो हे जाणून होता. सगळेच बॉक्सर जाणून असतात, व्हितालीचं काय झालं ते त्यांनीही बघितलेलं असतं.

अलीचंही बघा. मनिलानंतर तो थांबायला हवा होता. १९७७ मधे शेव्हर्सचे ठोसे १५ राउंड खाल्ल्यावर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको कंपू सोडून गेला, इतकं स्पष्ट दिसत होतं. तरी १९८० मधे होम्ससमोर उभा केला, दहा राउंड, अंगात काहीच शिल्लक नाही, वर्क रेट म्हणावा तर शून्य, नुसतं उभं राहणं. १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. त्या दहा राउंडना कोणी काळीज म्हटलं की मला राग येतो.

तर मागणं फार नाहीये. एखाद्याला जिगरबाज म्हणाल तेव्हा कोणत्या राउंडला त्याने काय केलं ते सांगा. दहाव्या राउंडला त्याचा जॅब पहिल्याइतकाच येतोय का, पाय अजून आत जातायत का, पडून उठल्यावर त्याने मिठी मारली की ठोसा मारला, हे बोला. नुसता मार खातोय त्याला मार खातोय म्हणा आणि रेफ्रीकडे बघा. होम्सला यादीत त्याच्या जागेवर घ्या, लिस्टनच्या नावापुढे १९५४ चा जबडाही लिहा. आणि पुढच्या वेळी एखादा हेवीवेट स्टूलवरून उठला नाही, तर एक्स-रे येईपर्यंत माइक बंद ठेवा, दोन दिवसांनी म्हणालात तरी चालेल.

कळावे,
बरीच वर्षं हेवीवेट बघणारा एक प्रेक्षक